चेंडूची दोरी

ओरोसच्या नोकरीसाठी मी रोज सकाळी आमच्या तिठ्यावर एसटीची वाट बघायची, तिथे एक म्हातारे गृहस्थ यायचे. एसटीत मात्र कधी चढायचे नाहीत. विहिरीच्या पायरीवर घसरून त्यांचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा मस्कतला असलेल्या मुलाने मनगटाच्या व्यायामासाठी एक चेंडू पाठवला. आतल्या चाकाला दोरी गुंडाळून झटक्यात ओढली की चाक गरगरायचं, आणि मग मनगट फिरवत ते फिरतं ठेवायचं. पण मुठीत जोर नव्हता. ते दोन्ही हातांनी चेंडू धरायचे आणि म्हणायचे, "जरा ओढ गो बाय." मी ओढायची. चेंडू भुंग्यासारखा घुमायला लागायचा.

"एकट्या माणसान हात मोडून घेव नये गो," एकदा ते म्हणाले.

चतुर्थीनंतर एका सकाळी त्यांनी कुणा बाईची तांदळाची जड पिशवी उजव्या हाताने उचलून एसटीत चढवून दिली. मला मेलीला हुशारी दाखवायची खोड. म्हटलं, "काका, हात बरो झालो की तुमचो! आता दोरी तुमीच ओढा!"

चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी हाताकडे पाहिलं. "होय गो," म्हणाले, आणि चेंडू खिशात घातला.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांचं घर लागायचं. खिडकीतून ते दिसायचे, पडवीत बसलेले, दोरी गुंडाळलेला चेंडू दोन्ही हातांत धरून. तिथे गाडी थांबत नसे.