पाण्याच्या वाटेतलं लुगडं

जुनवानीचं आमचं घर सासऱ्यांनी स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर बांधलं. ते गेले, घर नवऱ्याच्या नावावर आलं, पण छत मात्र सासूबाईंचंच राहिलं. दरवर्षी नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ रखरखीत दिवस, लागायच्या आधी एक दिवस त्या सकाळीच वर चढत. अख्खं छत खराट्याने झाडत, बादल्या ओतून धूत आणि मग उकिडव्या बसून पाणी कुठे रेंगाळतं ते बघत बसत. डालड्याच्या जुन्या डब्यात सिमेंट कालवून, वाकड्या झालेल्या चमच्याने केसाएवढ्या भेगा भरत. शेवटी कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून पालापाचोळा आणि कबुतरांची पिसं उपसून काढत. त्या भंडाऱ्याकडच्या, धानाच्या शेतात वाढलेल्या. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी कधी अडवायचं आणि कडेचा धुरा फोडून कधी सोडायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. छत त्यांच्या लेखी एक बांधीच होती.

मला याची लाज वाटायची. मी नेहरू नगरातल्या एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवते, आणि माझी सासू लुगडं खोचून छतावर सिमेंट थापते. एकदा समोरच्या बंगल्यातल्या बाईंनी मला हिंदीत, अगदी गोड आवाजात विचारलं की तुम्हाला मिस्त्री मिळत नाही का. मी हसून वेळ मारून नेली, पण ते वाक्य मला आठवडाभर डाचत राहिलं. राग आला की मी कामाला लागते. हा माझा गुण आहे असं मी तेव्हा समजत होते.

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं. सासूबाई म्हणाल्या की छत अजून चांगलं आहे. मी ऐकलं नाही. त्याने चार दिवसांत सगळीकडे पांढरा कोट मारला, कठड्यालाही चार बोटं वर चढवला. जाताना सांगून गेला की पाइपाचं तोंड बंद करा, दोन बोटं पाणी भरा आणि दोन दिवस ठेवा, खाली ओल आली नाही तर काम पक्कं. जिन्याखाली सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांचं बोचकं असे. त्यातला एक तांबडा तुकडा मी घेतला, दुधाच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळला, टेस्टच्या पेपरांच्या गठ्ठ्यांना लावते ते रुंद निळं रबर त्याला घातलं आणि तो बोळा पाइपात घट्ट कोंबला.

खाली थेंबही आला नाही. नवतप्याच्या उन्हात ते दोन बोटं पाणी चार-पाच दिवसांत आपोआप उडून गेलं. छत कोरडं झालं म्हणजे काम संपलं, असं मी धरून चालले. बोळा काढायचा राहिलाच. पुढे क्लासमध्ये नव्या बॅचेस सुरू झाल्या आणि मी सगळंच विसरले. त्या वर्षी सासूबाईंनी एकदा विचारलं होतं की एक वेळ पाणी टाकून पाहू का. मी म्हटलं, खराट्याने कोट निघेल, आता दहा वर्षं वर बघायची गरज नाही. त्यांनी खराटा परत कोपऱ्यात ठेवला. छताच्या दाराची किल्ली तेव्हा स्वयंपाकघरात खिळ्याला असायची.

जुलैमध्ये झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या खोलीची भिंत वरून पाझरायला लागली आणि बघता बघता टीव्हीच्या मागून धार सुटली. नवरा फर्स्ट शिफ्ट करून नुकताच आला होता, तसाच वर धावला. छतावर घोट्याच्या वर पाणी साचलं होतं आणि ते कोटाच्या वरून भिंतीत शिरत होतं. थोड्या वेळाने पाइपातून पाणी धाडधाड अंगणात पडायला लागलं. नवरा खाली आला तेव्हा त्याच्या हातात तो तांबडा बोळा होता.

"हे कोनं कोंबलं?" त्याने विचारलं.

मी लगेच बोलले. बोलायला मला कधीच वेळ लागत नाही. म्हटलं, "आई गेल्या असतीन छत धुवाले. मी नको म्हटलं होतं त्याईले."

सासूबाई चकित होऊन माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "पाण्याची वाट मी कावून बुजवीन?"

आणि तेव्हाच मला ते निळं रबर दिसलं.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. माझी तर बोंब आधी झाली आणि चोरी मागून आठवली. तिथे थांबून एक वाक्य बोलायचं होतं, इतकंच. पण वॉटरप्रूफिंगवाल्यासाठी मीच हट्ट धरला होता, सासूबाईंना मीच वर जाऊ दिलं नव्हतं, आणि आता भिंत भिजली होती. मी फरशी पुसायला फडकं घेतलं. सासूबाईंनी तो बोळा उलटसुलट करून पाहिला.

"लुगडं तं मायंच आहे," त्या म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, "मीच कोंबलं असन. आताशा ध्यानात नाही राहत."

नवरा स्वभावाने मऊ आहे, तो त्यांना एका शब्दानेही बोलला नाही. त्याने फक्त किल्ली खिळ्यावरून काढून माझ्या जुडग्यात घातली. ते जास्त वाईट झालं. बोळा मी रबरासकट उचलून कपाटात मागे टाकला. फेकून द्यायची हिंमत झाली नाही, का ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवसापासून त्या बदलल्या. भाजीत मीठ घातलं का, हे मला विचारायला लागल्या. गॅस बंद केला तरी उठून परत जाऊन बघत. वड्या घालायचं त्यांनी बंद केलं, प्रमाण चुकतं म्हणून. ते एकदाही चुकलं नव्हतं. नातेवाईक आले की नवरा हळू आवाजात सांगायचा की आई आता विसरते, आणि मी मान डोलवायचे. हे लिहिताना कान तापतात माझे. दर वेळी वाटायचं, आज सांगू. दर वेळी आणखी एक दिवस उलटून गेलेला असायचा, आणि जितके दिवस जास्त तितकं सांगणं अवघड.

त्यांची धाकटी बहीण बोरसीला राहते. सासूबाई महिन्यातून एकदा एकट्या ऑटोने तिच्याकडे जात, दिवसभर राहत आणि संध्याकाळी तिथल्या गप्पांची शिदोरी घेऊन परत येत. तेही थांबलं. यंदा मेमध्ये बहिणीचा फोन आला, तब्येत बरी नाही, दोन दिवस येऊन राहा. आम्ही दोघंही कामावर जाणारे, नेऊन पोचवायला रविवारपर्यंत थांबावं लागणार होतं. मी म्हटलं, तुम्ही जा ना एकट्या. त्या म्हणाल्या, "नको वो बाई. रस्ता भुलीन मी."

ते मला सोसवलं नाही. मी कपाटातून तो बोळा काढला, त्यांना हाताला धरून छतावर नेलं, त्या पाइपासमोर पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. रबर दाखवलं. म्हटलं, हे माझ्या क्लासचं आहे, हे मी लावलं होतं, तुम्ही त्या वर्षी वर आल्याच नव्हत्या, तुम्ही काहीच विसरल्या नाहीत, आणि मला त्याच दिवशी आठवलं होतं. बोलता बोलता मला रडू आलं.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. रबर बोटाने ताणून बघितलं.

"तुया टेबलावरून मीच घेतलं असन," त्या म्हणाल्या. "तू मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिली."

मी शपथ घेतली. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की अशी खोटी शपथ घेऊ नये. नवऱ्यालाही मी त्याच दिवशी सांगितलं. त्याने विश्वास ठेवला. तो उठून बाहेर गेला. नंतर त्यानेही आईला समजावून पाहिलं. आईने त्याचंही हसून ऐकून घेतलं.

संध्याकाळी मी कणीक मळत होते तेव्हा त्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या. सून लय चांगली भेटली, म्हणत होत्या, माया दोष आपल्या अंगावर घेऊन राहिली. बोरसीला कधी येतेस, असं पलीकडून विचारलं असावं. रविवारी पोरगा आणून सोडन, त्या म्हणाल्या, एकटीनं आता जमत नाही.