गळ्यातला पिस्टन

कोहमाऱ्याच्या चौकात आमच्या मिस्त्रीचा एक कायदा होता. ज्याच्या हातून इंजिन जाम होईल, त्यानं त्याच इंजिनाचा पिस्टन तारेत ओवून गळ्यात घालायचा. पुढचं इंजिन दुसऱ्या कुणाच्या हातून जाम होईपर्यंत काढायचा नाही. जेवताना, झोपताना, चहा आणायला धाब्यावर जाताना, कायम छातीवर, आणि सदऱ्याच्या वरून. सदऱ्याच्या आत लपवला की पान्याचा फटका.

मी तिथं गेलो तेव्हा एक साकोलीकडचा कारागीर तो घालून होता. अख्खा पावसाळा त्यानं तसा काढला. त्याची तार सुटली ती माझ्यामुळे. माझ्या मानेमागं नवी तार पिळताना त्याला इतका आनंद झाला होता की त्यानं एक पीळ जास्तीचा दिला.

मी मूळचा बीडकडचा. घरात ऊसतोड. दिवाळी झाली की गाव रिकामं, शाळा अर्धी, म्हणून सातवीतच ती सुटली. पुढं काही वर्षं कोयता धरला, मग एका ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो. गोंदियाच्या राईस मिलमधून तांदूळ भरायला आलो आणि तापानं फणफणलो. ड्रायव्हरनं मला कोहमाऱ्याला मिस्त्रीच्या दुकानापुढं उतरवलं, म्हणाला आलोच, आणि गेला. मिस्त्रीनं घरी नेलं. त्यांच्या बायकोनं पेज पाजली, आठवडाभर अंथरूण दिलं. बरा झाल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले, "जाऊन राहिला का रायते इथंच?" मी म्हणालो, राहतो. हे उपकार मी मोजतच असतो. ते मारायचे तेव्हाही मोजायचो.

दुकान म्हणजे टिनाचं छप्पर आणि पुढं पळसाखालची मोकळी जागा. लोडशेडिंगचे दिवस, त्यामुळं धाब्यांचे जनरेटर आमच्याकडंच. शेतातले पाण्याचे पंप, फवारणीची मशिनं, आणि नागझिऱ्याच्या बाजूच्या एका रिसॉर्टचं गवत कापायचं यंत्र. नव्या माणसाला आधी एकच काम: तेल बदलणं. इंजिन थोडा वेळ चालवायचं, म्हणजे तेल गरम होऊन खालचा गाळ घेऊन उतरतं. मग यंत्र कलतं करायचं, एअर फिल्टरची बाजू वर ठेवून, आणि खालचा नट सोडायचा. पहिल्यांदा सोडला तेव्हा काळं, कढत तेल माझ्या मनगटावर आलं. मी ओरडलो. मिस्त्री म्हणाले, "भाजलं का? मंग आता ध्यान राईल." दुसऱ्या वेळी त्यांनी माझा हात स्वतःच धरला, त्याच धारेखाली.

जुनं तेल डब्यात साठायचं. आजूबाजूचे शेतकरी येऊन घेऊन जायचे, बैलबंडीच्या आसाला आणि वाळवी लागलेल्या दारांना लावायला. रिकामं इंजिन जेवणाच्या सुटीत तसंच कलतं ठेवायचं, शेवटचा थेंब गळेपर्यंत. आणि तेल नाही हे सगळ्यांना कळावं म्हणून चालू करायच्या दोरीच्या मुठीला भाताचं तणस बांधायचं. तणस दिसलं तर दोरीला हात लावायचा नाही. तणस नसलं तर तेल भरलं आहे. वाचता येवो न येवो, ही खूण सगळ्यांना कळायची.

रिसॉर्टचं गवत कापायचं यंत्र मी त्या सकाळी रिकामं केलं, तणस बांधलं आणि जेवायला गेलो. तेवढ्यात धाब्यावरची गाय आली आणि तिनं तणस खाल्लं. उरलं नाही काडीभरही.

परत आलो तर रिसॉर्टचा ड्रायव्हर जीप लावून घाई करत होता. मुठीला तणस नाही. मला वाटलं मिस्त्रीनं तेल भरलं. नट लावलेला होता, तो साकोलीवाल्यानं लावला होता, त्यालाही वाटलं मी भरणार. मी दोरी ओढली. "पूरा रेस देके दिखाओ," ड्रायव्हर म्हणाला. मी रेस दिली आणि त्याच्याबरोबर जीपमधली यंत्र चढवायची फळी उतरवायला गेलो. मागून इंजिन आधी किंचाळलं, मग कुणी गळा धरावा तसं गप्प झालं.

मिस्त्रींनी ते माझ्याकडूनच खोललं. पिस्टन वाटीएवढा, एका अंगानं ओरखडलेला, माझ्या हातात अजून कोमट. रिसॉर्टवाल्याला नवा बसवून दिला आणि जुना माझ्या गळ्यात.

मग चौकाला काम मिळालं. धाब्याचा मालक रोज विचारायचा, "काऊन बे ऊसवाल्या, मंगळसूत्र कोनं बांधलं?" बसमधून उतरणाऱ्या पोरी बघायच्या. वाकलो की तो जबड्यावर आपटायचा. मिस्त्रींच्या बायकोनं एकदा म्हटलं, "काढा ना जी त्याचा. जेवताना ताटात लागते." मिस्त्री म्हणाले, "लागू दे. लोखंड पोटात गेलं तं अक्कल येईल." पिस्टन लोखंडाचा नव्हता, अॅल्युमिनियमचा होता, पण हे सांगायची माझी हिंमत नव्हती.

अशात धाब्याच्या फोनवर निरोप आला: दादा येतायत. वडलांना आम्ही दादा म्हणतो. आईची कंबर गेली होती. ऊसतोडीत कोयता जोडीनं चालतो, एकट्या माणसाला मुकादम अर्धा कोयता धरतो. दादांना जोडीला माणूस पाहिजे होता. निरोपात होतं: पोरगं खरंच मिस्त्री झालं असंल तर राहू दे. नुसतंच भटकत असंल तर घेऊन येतो.

मी घरी कळवलं होतं की मी मिस्त्री झालो. आणि आता गळ्यात ही वाटी. दादांनी ती बघितली की मी उसाच्या फडात, एवढं मला लख्ख दिसत होतं. पाचटानं कापलेली कातडी, पहाटेची मोळी, पालाच्या खोपीत गळणारं पाणी.

धीर करून मी मिस्त्रींना म्हणालो, "एक दिवस काढू द्या. दादा गेले की परत घालतो."

"कायले? लाज वाटून राहिली का?"

"हो."

"मंग बराबर काम करून राहिला पिस्टन." आणि त्यांनी स्पार्क प्लग घासायला घेतला.

दादा नागपूरहून एसटीनं आले. खांद्याला पिशवी, तीत माझ्यासाठी ज्वारीच्या भाकरी. भाताच्या मुलखात लेकराला भाकरी मिळत नसंल म्हणून आईनं दिलेल्या. मी पाया पडायला वाकलो तर पिस्टन त्यांच्या पावलावर टेकला.

"हे काय घातलंस गळ्यात?"

मी नवसाचं काहीतरी ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाले, "बसा जी पाहुणे. सांगतो." आणि सांगितलं. तेल, तणस, गाय, सगळं. धाब्याचा मालक चहा घेऊन आला तो तिथंच थांबला. साकोलीवालाही पाना टाकून आला.

दादा हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. "गाईनं खाल्लं! आवं, ह्याचं असंच हाय. ल्हानपणी ह्याला बैलं राखाया लावली, तर बैलं दुसऱ्याच्या उसात. मग म्या काय केलं, ह्यालाच दाव्यानं बांधला. बैलांच्या शेजारी, दिसभर. पुढ्यात कडबा टाकला."

"कडबा?" धाब्याचा मालक म्हणाला. "मंग खाल्ला का जी यानं?"

"दोन कांड्या चावल्या की! भूक लागल्यावर काय करील?"

सगळे हसले. साकोलीवाला हसत खाली बसला. मीही हसलो, कारण न हसणारा मी एकटाच असतो तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं. पण एकटा मी नव्हतो. मिस्त्री हसले नव्हते. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याची पक्कड काढली.

"आन बे मान इकडे. पाहुणा आला हाय, आजचा दिवस काढतो."

मी मान पुढं केली. पक्कड मानेमागं तारेला टेकली, तिचा गार स्पर्श मला अजून आठवतो.

"राहू द्या, मिस्त्री," दादा म्हणाले. "कायदा म्हंजे कायदा. आमच्याच्यानं वळण लागलं न्हाई, तुमच्या हातानं तरी लागू द्या. मी आपला पुतण्या घेतो कोयत्याला. ह्याला हितंच ठेवा. चांगल्या जागी पडलंय लेकरू."

मला हवं होतं ते असं मिळालं. राहायला मिळालं. दादांनी भाकरी माझ्या हातात दिल्या, मिस्त्रींना हात जोडले आणि दुपारच्याच बसनं गेले.

बस वळणाआड गेल्यावर मिस्त्रींनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकला. "मले वाटे मीच हाव चौकातला कसाई," म्हणाले, आणि पक्कड माझ्या पायाशी टाकली. "काढ तो."

मी पक्कड उचलली. मान वाकडी करून तार चाचपली. मग पक्कड परत खिळ्याला अडकवली.

"दादा राहू द्या म्हणाले."

मिस्त्रींना माझा राग आला होता, आणि तो मारायचा राग नव्हता. "मंग रायू दे," ते म्हणाले. "धाब्याचं जनरेटर पडलं हाय. तेल बदल."

मी जनरेटर गरम केला, कलता केला, नट सोडला. काळी धार डब्यात पडत राहिली, आणि वाकल्यामुळं पिस्टन टाकीवर टकटक वाजत राहिला. मग मुठीला तणस बांधलं, या वेळी गाईला पोचणार नाही असं, दोरी वर फांदीला ताणून. दोन्ही हात तेलाचे होते, म्हणून गाठ आवळायला एक टोक दातात धरलं. भाताचं तणस बेचव असतं. कडबा निदान गोड तरी लागतो.