गजभिये सरांच्या पन्हाळी

मीनलचा फोन आला तेव्हा मी नवा रायपुरात, शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत, एका काचेच्या इमारतीखाली उभा होतो. इमारतीचा आराखडा माझाच. "पप्पा नहीं रहे, भैया," एवढंच ती म्हणाली. मीनल गजभिये सरांची मुलगी. मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. मी गाडीत जाऊन बसलो. या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. वास्तुकार सुखदेव गजभिये यांच्याबद्दल या दिवसांत जे छापून आलं त्यात आदर होता, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी एक वाक्यही होतं: त्यांचं काँक्रिट देखणं, पण गळायचं. त्याच वाक्याच्या आधारावर त्यांची पहिली मोठी इमारत पाडायची बोलणी चालली आहेत. ते वाक्य मुळात माझं आहे, म्हणून लिहायला बसलो.

सरांचे वडील विदर्भातून इथे रेल्वेच्या वॅगन कारखान्यात आले. सर बाहेर शिकले, मोठ्या शहरांत काम मिळत असताना रायपूरला परतले. मी कॉलेजातून निघून त्यांच्याकडे लागलो तेव्हा त्या पहिल्या मोठ्या इमारतीचं, वाचनालयाचं, काम चालू होतं. प्लास्टर नाही, रंग नाही. सरईच्या, म्हणजे साल वृक्षाच्या फळ्या पाण्यात भिजवून साच्याला लावायच्या. फळी निघाली की लाकडाच्या रेषा भिंतीवर उमटलेल्या दिसत. निदान पांढरा रंग तरी देऊ, असं मी एकदा सुचवलं. "काहून? भनपुरीच्या कारखान्यांचा धूर सुट्टीवर जाऊन राहिला का?" सर म्हणाले. "दोन वर्षांत काळंच होते. मंग आताच धुराच्या रंगाचं बांधू." लोक त्या इमारतीला गोदाम म्हणत. सरांना त्याचा राग नव्हता. गोदामात माल कोरडा राहते न, बस, असं म्हणून ते मोकळे होत.

आणि माल कोरडा राहायचा. गच्चीच्या कडेने जाड काँक्रिटच्या पन्हाळी चांगल्या पुढे काढलेल्या होत्या, पावसाचं पाणी भिंतीला न शिवता खालच्या दगडी फरशीवर पडावं म्हणून. त्या तपासायची सरांची रीत ठरलेली. मला बादली देऊन गच्चीवर पाठवायचे, स्वतः खाली उभे राहायचे. मी पाणी ओतायचो. ते भिंतीवरून ओघळलं तर आवाज येत नाही. सुटून पडलं तर जरा वेळाने फरशीवर चापट बसल्यासारखा आवाज येतो. तो आला की खालून सर म्हणायचे, "हव." म्हणजे हो, बरोबर. मग पुढची पन्हाळ.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. मे महिन्यात वरच्या मजल्यावर भिंतीला पाठ टेकवत नसे. खिडक्या इतक्या आत घेतलेल्या, की पावसाळ्यात भर दुपारी दिवे लावावे लागत. बीरगांवला त्यांनी कामगारांची घरं बांधली; तिथल्या बायकांनी दारापुढचे कट्टे गेरूने रंगवून टाकले. सर भांडायला गेले आणि हरून आले… पुढे मात्र कोणी पाहुणा काम पाहायला आला, की त्याला आधी ते कट्टे दाखवायला न्यायचे.

मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि सरकारी कचेऱ्यांना जागा पुरेना. वाचनालय हलवून तिथे एक कार्यालय आलं. पन्हाळींखालच्या मोकळ्या फरशीवर साहेबांच्या गाड्या लागू लागल्या आणि पावसात पाणी धो-धो त्यांच्यावर कोसळू लागलं. मी तोवर स्वतंत्र काम करू लागलो होतो, म्हणून कार्यालयाने मला बोलावलं. गाड्या दुसरीकडे लावा, एवढंच सांगायचं होतं. पण मला नव्या राजधानीत कामं हवी होती. मी पन्हाळी बुजवल्या आणि पाणी आतल्या पाइपातून खाली आणलं. पुढच्याच पावसाळ्यात छत गळलं. दोष कुठला, असं बैठकीत विचारलं तेव्हा सगळे माझ्याकडे पाहत होते, सरांचा चेला म्हणून. "जुनं डिझाइन आहे, उघडं काँक्रिट आहे, गळणारच," मी म्हणालो. पाइपाचा उल्लेख मी केला नाही, दुसऱ्या कुणी केला नाही. इमारतीच्या भिंतींवर चकचकीत पत्रे चढले. पुढे कुठे सरांचं नाव निघालं की कोणीतरी हसून म्हणे, "वो टपकने वाले?" नवा रायपुरात त्यांना एकही काम मिळालं नाही. मला मिळत गेली.

गेल्या हिवाळ्यात त्यांना भेटायला गेलो, ती शेवटची भेट. पायावर शाल घेऊन खुर्चीत बसले होते. मीनल चहा ठेवून आत गेली आणि सरांनी एकदम विचारलं, "पाइप केवढा टाकला होता रे तू तिथं?"

मी कप खाली ठेवला. "चार इंची."

"लहान झाला. पालापाचोळा अडकते न त्यात." मग म्हणाले, "मले इचारलं असतं, त सांगितलं असतं."

म्हणजे इतकी वर्षं त्यांना माहीत होतं… माफी मागायला ती जागा होती. मी रिंग रोडच्या रहदारीबद्दल बोलत बसलो.

गेल्या आठवड्यात कार्यालयात जाऊन मी पाइपाची सगळी हकीकत सांगितली. ऐकणारे अधिकारी तरुण होते. दाखवून द्या, म्हणाले. मागच्या बाजूचे काही पत्रे उतरवले, गाड्या हटवल्या, एका पन्हाळीचं बुजवलेलं तोंड फोडून मोकळं केलं. पत्र्यांखाली सरईच्या रेषा तशाच होत्या. अधिकारी आणि मीनल खाली थांबले, मी बादली घेऊन गच्चीवर गेलो. पाणी ओतलं. जरा वेळ काहीच नाही… मग फरशीवर चापट बसली. बादली रिकामी झाली होती. तरी मी कठड्यावरून वाकून उभाच राहिलो, खालून "हव" यायची वाट पाहत.