सात घरं, सात उपास

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मग मला बोलता येईल. अर्थशास्त्र शिकवता शिकवता स्वतःच उपाशी राहिलेला मास्तर तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? मग हा काय, तुमच्यासमोर बसून चहा पितोय!

गोष्ट पासष्ट सालची. मी मूळचा बाभुळगावचा. नुकताच बी. ए. झालो होतो आणि महागावच्या बाजूला एका खेड्यातल्या नव्या हायस्कुलात चिकटलो होतो. लग्न झालेलं नव्हतं, गावात खानावळ नव्हती. सकाळी मी स्वतः भाकरी थापायचो, पण ती मोडायला हात लागायचा की हातोडा, ते विचारू नका. माझे हाल पाहून गावकऱ्यांनी मला वार लावून दिले. ज्यांची पोरं माझ्या वर्गात, अशा सात घरी आठवड्याच्या सात संध्याकाळी जेवण. सोमवारी कौसल्याबाईंकडे, मंगळवारी मेश्रामांकडे, असं करत रविवारपर्यंत. मी दिवसभर त्या एका जेवणाच्या आशेवर खडू घासायचो.

आता माझी अक्कल ऐका. पुस्तकातलं अर्थशास्त्र पोरांच्या डोक्यावरून जायचं. मी ठरवलं, ताज्या बातम्यांवरून शिकवायचं! नागपूरचा पेपर दुपारच्या एस.टी.नं यायचा, तोही आदल्या दिवशीचा, तेव्हा त्या ताजेपणाच्या फार खोलात जाऊ नका.

त्या वर्षी लढाई झाली होती, पावसानं दगा दिला होता, देशात धान्य कमी. पेपरात आवाहन आलं, की सोमवारी संध्याकाळी जेवू नका, धान्य वाचवा. मी तो पेपर घेऊन नववीच्या वर्गात असा शिरलो, जसा काही दिल्लीहूनच आलोय. फळ्यावर रेघ ओढली आणि सांगितलं, मागणी घटली की भाव उतरतो. पोरांना एका दमात कळलं!

इथंच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं? पण नाही. मला दिल्लीवाल्यांहून शहाणं व्हायचं होतं.

"सगळ्यांनी सोमवारीच उपास धरला, तर मंगळवारी सगळे दुप्पट हाणतील," मी म्हणालो. "म्हणून प्रत्येक घरानं आपापला वार निवडा. आणि नुसतं वहीत लिहून चालणार नाही, चोरून खाल! घराबाहेरच्या एखाद्या भल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही आणा. सही नाही, तर मार्क नाहीत."

संध्याकाळी घरी येणारा, बाहेरचा, भला माणूस! तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं.

सोमवारी कौसल्याबाईंकडे गेलो. हातपाय धुतले, पाटावर बसलो. समोर ताट नाही. वही आणि दौत!

"हे काय, कौसल्याबाई?"

"आज आमचा उपास हाये ना जी," त्या पदर सावरत म्हणाल्या. "मंदा म्हने, गुर्जीचाच वार धरू. तुमच्यावानी भला मानूस आमाले सहीसाठी कुठं भेटन?"

माझी छाती फुगली हो! पोरीनं धडा घरापर्यंत नेला, मास्तराला आणखी काय पाहिजे? ऐटीत सही ठोकली, तांब्याभर पाणी प्यालो आणि खोलीवर येऊन झोपलो.

मंगळवारी मेश्रामभाऊंकडे. हे काही वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं घर, पोरगा प्रल्हाद शिकावा म्हणून बाप जिवाचं रान करणारा. त्यांनी तर या कामासाठी नवीकोरी वही आणलेली!

"गुर्जी, पयली सही तुमचीच पाह्यजे," मेश्रामभाऊ म्हणाले. "पोरगा सकाळपासून वाट पाहून राह्यला."

केली सही. बुधवारी शंका आली, गुरुवारी खात्री पटली. सातही घरांनी माझाच वार धरला होता! पण बोलणार कसं? उपासाचं महत्त्व सांगायचं मीच, आणि "मला मात्र वाढा" म्हणायचंही मीच? अब्रूच गेली असती. खोलीवर चूल पेटवावी, तर धूर साऱ्या गावाला दिसला असता.

शुक्रवारी मी वर्गात पुन्हा पेपर उघडला. घसा साफ केला.

"नीट ऐका. आजारी माणसं, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि पाहुणे, यांनी उपास करायचा नाही. त्यांना जेवू घालायचं."

'पाहुणे' हा शब्द पेपरात नव्हता. तो माझ्या पोटानं घातला.

प्रल्हाद उठून उभा राहिला. "पन गुर्जी, तुम्ही पाव्हने कायचे? तुम्ही तं आमच्या घरचेच!"

साऱ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रेमानं आलं की भुकेनं, ते मला अजून सांगता येत नाही.

शनिवार गेला, रविवार गेला. सोमवार आला तेव्हा पायजम्याची नाडी चार बोटं जास्त ओढावी लागत होती. कौसल्याबाईंकडे सही केली, पाणी प्यालो आणि निघालो. गल्लीच्या टोकाशी आलो आणि थांबलो. म्हटलं, जाऊ दे ती अब्रू! शिळी भाकर मागायची, कांदा मागायचा, पाया पडायची वेळ आली तर पडायचं. तसाच मागे फिरलो आणि दार ढकललं.

सगळं घर गोल करून जेवायला बसलेलं! मधे वांग्याचा रस्सा, बाजूला भाकरीची चळत, आणि मंदाच्या तोंडात घास.

"कौसल्याबाई! उपास होता ना?"

"व्हता ना जी!" त्या जराही गडबडल्या नाहीत. "साक्षीदार व्हता तवरोक पाळला. तुम्हीच तं सांगतलं, उपासाले साक्षीदार पाह्यजे. साक्षीदार गेल्यावर कोन उपाशी राह्यते?"

"म्हणजे... सातही घरी असंच?"

"लोकाइच्या घरचं म्या काहून सांगू बाप्पा? पन गिरनी तं रोजच्यासारखीच चालू हाये." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगं माय! गुर्जी, तुम्ही घरी जाऊन जेवत नव्हते? आठ दिवस? असे कसे बह्याड जी तुम्ही!"

बह्याड म्हणजे ठार वेडा. मी एका शब्दानंही हरकत घेतली नाही, कारण तोवर माझ्यापुढं ताट आलं होतं.

पहिल्या दोन भाकरी कुठं गेल्या कळलंच नाही. तिसरीच्या वेळी मंदा वही घेऊन समोर बसली. शेवटचा रकाना तिचा कोराच होता.

"गुर्जी, गावाची मागनी कितीनं घटली लिहू?"

"लिही," मी भरल्या तोंडानं म्हणालो, "एका मास्तरानं."

तिनं माझ्या ताटात चौथी भाकर पडताना पाहिली आणि वही मिटली.

"तेबी नाई घटली जी."