सोवळ्याचा पाइप

एकोणीसशे पन्नासच्या आसपास कोल्हापुरात आम्ही एका माडीवर भाड्यानं राहायला आलो. पुढची दोन वर्षं मला फक्त दमल्याचीच आठवतात. सासूबाई नळाचं पाणी पीत नसत. नळाच्या आत चामड्याची चकती असते, ती सोवळ्यात कशी चालावी? म्हणून परसातल्या विहिरीचं पाणी शेंदायचं आणि ओलेत्यानं अठरा पायऱ्या चढून वर आणायचं. रोज चार कळशा. थंडीत दात वाजायचे. त्या काही बोलत नसत, मीही नाही. आमच्या ह्यांना सांगितलं की म्हणायचे, "बघू." बघू म्हणजे काय, डोंबल!

त्या दोन वर्षांत दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा टिकलं नाही. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी ह्यांनाच समोर बसवून बजावलं, हिनं ओझं उचलायचं नाही. तेव्हा कुठं हे हलले.

स्वयंपाकघरात नळाशेजारी एक जुना पितळी कॉक होता. तसल्या कॉकला चामड्याची चकती लागतच नाही, पण त्याला पाणीही नव्हतं. विहिरीवर हातपंप गंजून पडला होता आणि गच्चीवर रिकामी टाकी. म्हणजे एके काळी विहिरीचं पाणी पंपानं गच्चीवर चढत असणार आणि तिथून खाली येत असणार. पण मागच्या भिंतीवर पाच पाइप, सगळ्यांवर चुन्याचे थर, आणि कुठला कुठं जातो ते घरमालकालाही ठाऊक नाही!

नळवाल्यानं पाना घेऊन पाचही पाइप ठोकून बघितले आणि मान हलवली. "वैनी, ह्ये ठोकून न्हाय कळायचं. टाकीत नीळ घाला, कुठनं निळं येतंय बघू की."

ह्यांनी बादल्या वर नेल्या, कपड्यांची नीळ कालवली. मी कॉकपाशी पाट घेऊन बसले. आधी नुसती हवा, मग गंज, आणि मग निळंशार पाणी. "आलं, आलं!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की सासूबाई जप सोडून बाहेर आल्या. मग एकेक नळ सोडून बघत बाकीच्या पाइपांचाही छडा लागला. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा कापून मी पाच पट्ट्या केल्या. नगरपालिका, न्हाणी, खालचे बिऱ्हाड, बंद, असं ऑइलपेंटनं लिहिलं. पाचवी राहिली होती, तेवढ्यात पंप दुरुस्त करून नळवाला आला.

"नवं कोरं चामडं घातलंय वैनी! धा वर्सं बघाय नगो."

"पंपात चामडं?"

"मग? चामड्याबिगर पंप पानी वडतोय व्हय?"

"हळू बोला हो!" मी म्हटलं. सासूबाई देवघरात होत्या. मी ब्रश घेतला आणि पाचव्या पट्टीवर लिहिलं, 'विहीर, सोवळ्याचे'. पापाची भीती वाटायलासुद्धा अंगात त्राण लागतं, ते माझ्यात उरलं नव्हतं.

सासूबाईंनी पट्टी बोट फिरवत वाचली. कॉक फिरवून तांब्या भरला आणि प्यायल्या.

मुलगी झाली, रांगायला लागली. एका दुपारी त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "पंपात चामडं असतं, हे मला ठाऊक नव्हतं होय गं? माझ्या माहेरी होता पंप."

मी गारच पडले. "मग प्यायलात कशा?"

"तू लिहून लावलंस ना सोवळ्याचं म्हणून. मग मी कशाला उकरून काढू? तुझे सुजलेले पाय दिसत होते मला."

मला रडू फुटलं, आणि त्याहून जास्त संताप आला. "दिसत होते तर आधी का नाही बोललात? माझी दोन गेली तेव्हा तरी?"

त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तू तरी कुठं बोललीस गं," त्या म्हणाल्या.