डी ब्लॉकचं पहिलं प्रकरण

आमच्या डी ब्लॉक मंडळाच्या दोहा शाखेचा इतिहास जितक्या बारकाईने लिहिला गेला आहे, तितक्या बारकाईने एखाद्या साम्राज्याचाही कुणी लिहिला नसेल. आणि तो सगळाच्या सगळा एका माणसाने, एकहाती, आम्हां कुणालाही नको असताना लिहिला आहे. डी ब्लॉक म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहाची चौथी इमारत. तिथे राहून गेलेली आणि पुढे पोटापाण्यासाठी कतारला आलेली पन्नासेक मंडळी वर्षातून चार-पाचदा जमतात, जेवतात, जुन्या मास्तरांच्या नकला करतात आणि घरी जातात. ह्यात इतिहास कुठे आला, असं कुणालाही वाटेल. पण तो सीनियरना दिसला. त्यांना आम्ही सगळेच सीनियर म्हणतो, खुद्द वहिनीसुद्धा. गंमत म्हणजे भारतात मूळ मंडळ कुणी काढलंच नाही, त्यामुळे आमची शाखा ही कशाचीच शाखा नाही. हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं, तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "निघेल. घाई करू नकोस."

सीनियर एका गॅस कंपनीत इन्स्पेक्शनला. पाइपाचा जोड आधी डोळ्यांनी, मग एक्स-रे फिल्मवर, मग पुन्हा डोळ्यांनी बघायचा आणि मगच सही करायची, ह्यात त्यांची हयात गेली. तीच नजर त्यांनी आमच्या जेवणावळींवर रोखली. शुक्रवारी सकाळी आम्ही सुट्टीच्या साखरझोपेत असताना त्यांचा फोन यायचा. "तिसऱ्या संमेलनात श्रीखंड होतं की आम्रखंड?" मी "श्रीखंड" म्हणून ठोकून द्यायचो. "चव आठवते की नुसतं नाव?" ह्या माणसापुढे थाप टिकत नसे. पित्ताशयाच्या खड्यांसाठी मी इस्पितळात पडलो तेव्हा ते संत्री घेऊन आले, खुर्ची ओढून बसले आणि माझा हात हातात घेतला. मला अगदी भरून आलं. मग हळूच म्हणाले, "सहाव्या सहलीची बस कुणी ठरवली होती ते आत्ताच सांगून टाक. भूल दिल्यावर स्मरणशक्तीचा भरवसा नाही." अल थुमामातल्या त्यांच्या घरात लोणच्याच्या कपाटाचा ताबा फायलींनी घेतला होता. "बरण्या बाल्कनीत गेल्या, इतिहास आत आला," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. माझ्या लेकीने तर एकदा त्यांना तोंडावरच विचारलं, "बट अंकल, हू विल रीड इट?" आम्ही नवरा-बायको ओशाळलो, कारण तो प्रश्न मुळात आमचाच होता. सीनियर म्हणाले, "बाळ, ज्याचं नाव राहिलं असेल ना, तो सगळ्यात आधी वाचेल."

ह्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. नोकरी संपली की व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की आपलं कतारही संपतं. जाण्याआधी पुस्तक छापायचं ठरलं आणि शाखेचा सेक्रेटरी म्हणून टाइप केलेला गठ्ठा माझ्याकडे आला. तो थेट दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होत होता. सहलीच्या बसवरच्या ड्रायव्हरचं गावसुद्धा देणाऱ्या ह्या माणसाने मंडळ स्थापन कुठे झालं, कसं झालं, ह्याबद्दल अवाक्षर लिहिलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माझी नजर चुकवली. "ते राहिलंय," म्हणाले. "शुक्रवारी गाडी काढ. पार उत्तर टोकाला, मदिनत अश शमालला जायचंय."

जाताना त्यांनी सगळं सांगितलं. मंडळाच्या पहिल्या अकरा बैठका दोह्यातल्या नजमा वस्तीत, किसन नावाच्या एका वेल्डरच्या खोलीत झाल्या होत्या. सीनियर तेव्हा नुकतेच आलेले, घरची माणसं तिकडे, हे इकडे. साइटवर किसनचे जोड तपासताना मराठी कानावर आलं आणि ओळख झाली. किसन लातूरकडचा, आयटीआय केलेला. डी ब्लॉकशी त्याचा संबंध इतकाच, की दर शुक्रवारी डी ब्लॉकचे पाच जण त्याच्या खोलीत त्याच्या हातच्या भाकरी खात. मंडळ काढा म्हणणाराही तोच. पुढे बायका-मुलं आली, बैठका हॉलमध्ये गेल्या आणि सीनियरनी आपल्या सुवाच्य अक्षरात नियमावली लिहिली. कलम चार: सभासद डी ब्लॉकमध्ये राहिलेलाच असावा. त्यानंतरच्या संमेलनाला किसन नेहमीसारखा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा घेऊन आला, तेव्हा दारात उभ्या असलेल्या सीनियरनी त्याला ते कलम वाचून दाखवलं. किसनने डबा त्यांच्या हातात दिला आणि तो परत फिरला. त्या दिवशीच्या वृत्तान्तात सीनियरनी नोंद केली, 'चटणीचा डबा एक. देणगी.'

"ती नोंद ओलांडून मला मागे जाताच येत नाही रे," ते म्हणाले. मीही त्या संमेलनाला होतो, नवखा म्हणून. ती चटणी मी दोनदा मागून घेतली होती आणि कुणाची आहे म्हणून विचारलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

किसन आता शमालमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये फाटकं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवतो. साठी आलेली, हात अजून भक्कम. शुक्रवार असल्यामुळे काम बंद होतं आणि तो मागच्या खोलीत कपडे वाळत घालत होता. आम्हाला बघून आधी दचकला, मग लगबगीने दाट, वेलचीचा करक चहा घेऊन आला. "बसा की साहेब. एवढ्या लांब कामून आलाव?"

सीनियर बसले नाहीत. फाइल उघडून त्यांनी तयार करून आणलेलं निवेदन वाचायला घेतलं, आणि दुसऱ्याच ओळीला फाइल मिटली. "किसन, मी चुकलो. मंडळ तुझ्या खोलीत जन्मलं आणि तुलाच मी दाराबाहेर ठेवलं. हे असंच्या असं मला लिहायचंय. लिहू का?"

किसनने हातातला कप फिरवला. "लई वाईट वाटलं व्हतं साहेब," तो म्हणाला. "भूक बी लागल्ती. चालतच गेलो नजम्याला." मग म्हणाला, "चटणीचं काय न्हाई. पण डबा परत आला न्हाई बगा."

एका उत्तरावर चार उपप्रश्न विचारणारे सीनियर मिटलेली फाइल छातीशी धरून तसेच उभे राहिले. शेवटी किसननेच त्यांना हाताला धरून खाली बसवलं. "लिहा की. पण नुसतं लिहिलेलं घिऊन मी काय करू? एकदा जेवायला बोलवा."

कलम चार रद्द करायला खास सभा भरली. एका सभासदाने चिंता व्यक्त केली, की अशाने उद्या कुणीही येईल. "यावं," सीनियर म्हणाले, "कलम चार खलास." जन्मभर घटनात्मक भाषेत बोललेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून सगळ्यांचे हात आपोआप वर गेले. इकडे वहिनींनी भारतात पाठवायची बांधलेली खोकी पुन्हा सोडली, पण तो डबा काही सापडला नाही. मग नवा डबा बेसनाच्या लाडवांनी भरून त्यांनी निरोपाच्या संमेलनात किसनच्या हातात दिला. किसनने तो फिरवून फिरवून पाहिला, "हा आमचा न्हाई," म्हणाला, आणि खुर्चीखाली नीट ठेवून घेतला.

सीनियर नाशिकला गेले त्याला आता चार महिने होतील. मला त्यांची फार आठवण येते, आणि आठवतात ते त्या संमेलनातले सीनियर. पहिलं प्रकरण वाचायला ते उभे होते. पहिल्या रांगेत किसन, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून. नजमातली खोली आली, भाकरी आल्या, ते पाच जण आले. चटणीच्या डब्यापाशी सीनियरनी तीच ओळ दोनदा सुरू केली आणि दोनदा सोडली. कुणी पाणी आणायला उठलं, वहिनींनी मान खाली घातली, आणि मलाही तिकडे बघवेना.

तेवढ्यात किसन बसल्या जागेवरून म्हणाला, "वाचा की पुढं, साहेब. मी हाय हितंच."