चेकर काकांची लाल फुली

माझी चूक झाकायला मी एका भल्या माणसाच्या शर्टाला लाल टॅग बांधला आणि चार लोकांसमोर हसलो. तो माणूस माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. आम्ही त्यांना चेकर काका म्हणायचो.

वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं ते तयार माल तपासत. ती लाइन बंद पडली, तेव्हा ते सिडकोतल्या माझ्या जाहिरातीच्या ऑफिसात आले. आमचं काम असं : मोबाइलवर कुणी 'अजिंठ्याला हॉटेल' शोधलं, की वरच आमच्या गिऱ्हाइकाची जाहिरात दिसते. तिच्यावर बोट टेकलं की गिऱ्हाइकाचे पैसे जातात, मग तो माणूस राहायला येवो न येवो. म्हणून जाहिरात कुणाला दाखवायची नाही, हे ठरवणं महत्त्वाचं. लोकांनी काय काय शोधलं ते रोज वाचायचं आणि नको ते शब्द वगळायच्या यादीत टाकायचे. हे काम कुणालाच आवडत नाही. काकांना दुसरं काही आवडत नसे.

रोज सकाळी ते त्या शब्दांचे छापील कागद पसरून लाल पेन काढत. "हे बघा, 'अजिंठा लेणी निबंध'. लेकरू शाळेचं लिहायलंय. त्याला एसी रूम दाखवून काय करता? काढा." मग पुढची ओळ. "'अजिंठा एसटी टाइम'. एसटीनं येतंय, एसटीनं जातंय. काढा."

"काका, सगळेच काढलेत तर येईल कोण?" मी एकदा वैतागून विचारलं.

"येणारा येतोय, साहेब. नुसती गर्दी कशाला?"

त्यांच्या हाताखाली शिकणारी मनीषा त्यांना छेडायची, "काका, मुलगी बघायला गेलात तेव्हाही लाल पेन नेलं होतं का?"

"व्हय तर. पण फुली तिनंच मारली माझ्यावर."

कारखान्यातून आणलेले लाल टॅग ते वहीत खुणेसाठी ठेवत. दोरीचे, जाड पुठ्ठ्याचे. 'दोष' आणि 'तपासणारा' असं छापलेले. खराब मालाला बांधायचे. "बावीस वर्षांत माझ्या हातून एक खराब पीस बाहेर गेला नाय," हे ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत. त्यांच्याजवळ सांगण्यासारखं तेवढं एकच होतं.

अजिंठ्याच्या वाटेवर हॉटेल असलेले शेटजी आमचे मोठे गिऱ्हाईक. जाहिरातीवर बोटं कमी पडतात, अशी त्यांची कुरकुर चालू होती. एका शनिवारी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, मी काकांची वगळलेल्या शब्दांची यादी काढून टाकली. आकडा फुगला. पण रविवारभर हॉटेलचा फोन वाजत राहिला आणि पोरं विचारत राहिली, "लेण्या कुणी कोरल्या?"

सोमवारी दुपारी शेटजी ऑफिसात आले. "मी हॉटेल चालवतो का शिकवणी? कुणी केलं हे?"

मी काकांकडे बोट दाखवलं. "यांचं वय झालंय. यादी उडवली असेल."

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, हिस्ट्री उघडा की. कुणी काय बदललं ते सगळं लिहिलेलं असतंय तिथं."

"आता मशीनवर ढकलू नका. चष्मा बदला."

शेटजी हसले. ते हसल्यावर मला धीर आला, आणि मी थांबलो नाही. काकांच्या वहीतला टॅग ओढला, 'दोष'समोर 'म्हातारपण' लिहिलं आणि त्यांच्या शर्टाच्या गुंडीला बांधला. मनीषा सोडून सगळे हसले.

काकांनी चष्मा वर करून टॅग नीट वाचला. "तपासणाऱ्याची सही राहिली, साहेब. बिगर सहीचा टॅग चालत नाय."

मी झोकात सही केली. त्यांनी टॅग सोडून खिशात ठेवला, डबा उचलला आणि गेले. ते पुन्हा कामावर आले नाहीत.

दोन वर्षांनी मनीषा शेटजींच्या जाहिरातींचं खातं नव्या मुलीला समजावत होती. तिनं मला बोलावलं. "सर, हिस्ट्री बघा." शनिवारी यादी काढून टाकल्याची नोंद माझ्या नावावर होती, ती मला माहीत होतीच. पण तिच्या वरच्या ओळीत आणखी एक नोंद होती. सोमवारी सकाळी, शेटजी यायच्या आधी, काकांनी एकेक शब्द परत भरला होता. माझं नाव वाचूनच भरला असणार. आणि मला काही बोलले नव्हते.

देवगाव रंगारीला त्यांच्या घरी मी लिहिलेला माफीनामा घेऊन गेलो. त्यांनी तो वाचला आणि लाल पेन काढलं. "'कामाचा ताण होता.' काढा. 'शेटजींचा दबाव होता.' काढा. 'आपल्याला वाईट वाटलं असेल तर.' हे कशाला? काढा." पानभर मजकुराच्या चार ओळी उरल्या. "आता हे मला नका वाचून दाखवू. टॅग जिथं बांधला, तिथं वाचा."

काल सगळ्यांना बोलावलं. शेटजी आले. काका आपल्या जुन्या खुर्चीत बसले आणि तो टॅग त्यांनी टेबलावर ठेवला, माझी सही वर करून. मी उभा राहून वाचलं :

"यादी मी काढून टाकली होती. काकांनी ती परत लावली. मी खोटं बोललो आणि त्यांना टॅग बांधला. काका, मला माफ करा."